न विकलेल्या बैलाची किंमत

जुन्नर-आंबेगावात शर्यतीच्या बैलाची किंमत विचारली, की आकडा सरळ हाती येत नाही. "कितीला घेतला?" या प्रश्नावर मालक बैलाच्या वशिंडावरून हात फिरवतो, दावं उगाचच सोडून पुन्हा बांधतो आणि म्हणतो, "बारा लाखाला मागितला होता. दिला नाय." कितीला घेतला ते राहूनच जातं, आणि विचारणाराही पुन्हा विचारत नाही, कारण त्याला हवं ते मिळालेलं असतं. मागणारा बारा लाख घेऊन आपल्या गावी परतला, मालकाच्या घरात एक रुपया आला नाही, बैल होता त्याच दाव्याला राहिला. पण त्या दिवसापासून तो बारा लाखाचा झाला. एरवी व्यापारात दोघांचं जमतं तो भाव. इथं दोघांचं फिसकटतं तो भाव. महागाचा बैल पैसे वसूल करून देतो का, हा वाद पौषात यात्रा सुरू झाल्या की पारावर निघतो आणि वैशाखात यात्रा उलगल्या तरी मिटत नाही. माझं त्यावरचं म्हणणं असं, की विकत घेणाऱ्याला तो वसूल होत नाही, झालाच तर देवाची कृपा; न विकणाऱ्याला मात्र तो रोजच्या रोज वसूल होतो.

खेळाचं सामान महागाचं घ्यावं का, हा तंटा काही बैलापुरता नाही. पूल आणि स्नूकर खेळणारी मंडळी क्यूच्या काठीवरून हेच भांडत असतात, आणि स्नूकरचा खेळ १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत निघाला असं धरलं, तर हे भांडण आपल्याच देशाच्या मातीतलं म्हणायला हरकत नाही. पण काठीचा निवाडा त्या मानानं सोपा आहे. चेंडूला लागते ती टोकावरची कातड्याची टिकली, आणि तीही सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरती. मुठीकडची नक्षी, शिंपल्याची फुलं, चकचकीत जोड यांतलं काहीही चेंडूपर्यंत पोचत नाही. टोकाकडचा भाग वजनाला हलका असला, की बाजूनं मारलेला चेंडू कमी भरकटतो, एवढा फायदा मात्र खरा, आणि त्याला पैसे पडतात हेही रास्त. शिवाय खरंखोटं करायची सोय आहे. चेंडू त्याच जागी ठेवा, स्वस्त काठीनं वीस वेळा मारा, महागाच्या काठीनं वीस वेळा मारा आणि मोजा. हात तोच, टेबल तेच. बैलाच्या बाबतीत ही सोय खंडोबानं ठेवलेली नाही.

कारण इकडचा गाडा दोन बैलांचा नसतो. सांगली-साताऱ्याकडं एक जोडी आणि सपाट रान. खेड, आंबेगाव, जुन्नरकडं चार बैल, मागं दोन नि पुढं दोन, त्यांच्याही पुढं घोडी, आणि समोर चढ. म्हणून धावायच्या जागेलाच घाट म्हणतात. निशाण पडतं, भोंग्यावरून "भिर्रर्र" होते, भंडारा उधळला जातो, आणि तो भंडारा खाली बसायच्या आत बारी संपलेली असते. चांगल्या गाड्याला लागतात अकरा-बारा सेकंद. सेकंदाचे शंभर तुकडे करून घड्याळ वेळ सांगतं, पण त्या वेळेतला कुठला तुकडा कुठल्या बैलाचा, ते सांगत नाही. चार बैल बऱ्याचदा चार दावणींचे असतात. म्हणून तर गाड्याचं नाव पुकारताना निवेदकाला दम घ्यावा लागतो, एवढी माणसं त्यात असतात. पहिला नंबर आला की चारही मालकांना आपापल्याच बैलानं ओढलेलं दिसतं. नंबर गेला की चौघांनाही दुसऱ्याचा बैल बाहेर खेचताना दिसलेला असतो. याच जुन्नर तालुक्यात खोडदच्या आणि आसपासच्या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. आकाशाच्या पार पलीकडून, अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या रेडिओ लहरी त्या टिपतात. पण मागच्या जोडीतल्या डाव्या बैलानं खरोखर जोर लावला की नुसता बरोबर धावला, हे टिपणारी तबकडी अजून कोणी उभारलेली नाही. ती उभारली, तर तालुक्यातले निम्मे सौदे दुसऱ्या दिवशी मोडतील.

बैलाची पारख करणारी माणसं इथं नाहीत असं मात्र कोणी समजू नये. बेल्ह्याच्या किंवा चाकणच्या बैलबाजारात जनावर बघणारा माणूस पाहावा. तो आधी बैलाकडं बघतच नाही; लांबून चाललेला बैल आडव्या नजरेनं बघतो, पाय कसा पडतो ते पारखतो. मग जवळ येऊन खालचा ओठ ओढतो नि दात बघतो. दुधाचेच दात असतील तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा. मग खुराची फट, छातीची रुंदी, शेपटीचा गोंडा, आणि सर्वांत शेवटी अंगावरचे भोवरे. अमका भोवरा घर भरतो, तमका धनी खातो, यावर तिथं जितकं एकमत असतं तितकाच मतभेदांना वाव असतो, कारण भोवरा एकच असला तरी विकणारा आणि घेणारा असे वाचणारे दोन असतात. जात खिलार की म्हैसूर, हा आणखी तासभराचा विषय. आणि हे सगळं झाल्यावर जुन्या रीतीचे हेडे रुमालाखाली हात घालतात. बोटं धरली, दाबली, सोडली. चेहऱ्यावर काही नाही, तोंडानं तिसऱ्याच गावाच्या पावसाची चौकशी. भोवती पंचवीस माणसं उभी असतात आणि भाव फक्त दोन तळहातांना कळतो.

आता शर्यतीच्या बैलाकडं या. त्याचा भाव रुमालाखाली नसतो, भोंग्यावर असतो. फ्लेक्सवर असतो, बैलाच्या फोटोखाली मालकाच्या फोटोपेक्षा मोठ्या अक्षरांत. औताच्या बैलाचा सौदा लपवतात, कारण तिथं पैसे खरोखर हात बदलणार असतात, आणि शेजाऱ्याला कळलं तर पुढचा सौदा नासतो. शर्यतीच्या बैलाचा आकडा गावभर करतात. त्यातल्या बऱ्याच आकड्यांना हात बदलायचं कामच नसतं. ज्या माणसानं औताचा बैल घेताना चार हजारांसाठी दोन बाजार वाया घालवले, तोच शर्यतीच्या खोंडासाठी एका चहात चार लाखांची उडी घेतो. त्याची अक्कल या दोन दिवसांत कमी झालेली नसते. पहिल्या दिवशी तो बैल घेत होता, दुसऱ्या दिवशी तो आकडा घेत होता.

बक्षिसातून वसुली होते म्हणणाऱ्यांसाठी कागद-पेन्सिल घेऊ. उदाहरण म्हणून बारा लाखांचाच बैल धरा. गावच्या यात्रेत पहिल्या नंबराचं बक्षीस एक लाख धरा. इकडच्या अनेक घाटांत ठरलेल्या वेळेच्या आत येणारे सगळेच गाडे पहिल्या नंबरात धरतात आणि रक्कम वाटली जाते. वीस गाडे आले तर गाड्याला पाच हजार, बैलाला साडेबाराशे. बारा लाख फिटायला ९६० वेळा पहिला नंबर हवा. वर्षाला वीस यात्रा केल्या आणि एकदाही दुसरा नंबर आला नाही, असं धरलं तर ४८ वर्षं. बैल त्याच्या आधीच निवृत्त होतो, मालकही. यात पिकअपचं डिझेल धरलेलं नाही, घोडीचा खर्च धरलेला नाही, टोकन कधी लागेल म्हणून घाटाकडेला रात्र काढणाऱ्या पंधरा पोरांचं जेवण धरलेलं नाही. हरभऱ्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, दूध, अंडी, बदाम हा खुराक तर धरूच नये. तो धरायला घेतला, की घरातल्या म्हाताऱ्याला आपल्या औषधाच्या गोळ्या आठवतात.

यावर लगेच उत्तर येतं, की मोठ्या शर्यती विसरलात. नाही विसरलो. २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत झालेल्या शर्यतीत बक्षिसांत जेसीबी होता, बोलेरो होती, ट्रॅक्टर होता. जेसीबी मिळाला तर बैल नक्कीच वसूल झाला. पण शेकडो गाड्यांतून एकाला जेसीबी मिळणार, या भरवशावर बैल घेणं याला मराठीत गुंतवणूक म्हणत नाहीत, लॉटरी म्हणतात. आणि लॉटरीचं तिकीट निदान रोज दूध मागत नाही. शिवाय जेसीबीचे चार हिस्से करताना बकेट कोणाच्या वाट्याला, यावरून फुटलेल्या जोड्या पुढच्या यात्रेला पुन्हा जुळवायच्या, हे वेगळंच काम.

भाव बैलात नसतो, हे सिद्ध करायला मला फार खटपट करावी लागत नाही. सरकारनं आणि न्यायालयानं मिळून तो प्रयोग आधीच करून ठेवला आहे. ११ जुलै २०११ ला केंद्रानं अधिसूचना काढली आणि अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या यादीत बैलाचं नाव घातलं. यांचे खेळ करायचे नाहीत. जुन्नरच्या उसातल्या बिबट्यानं ही बातमी शांतपणे घेतली, कारण त्याला खेळात कधीच रस नव्हता. बैलवाल्यांचं तसं नव्हतं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी पक्की केली. २०१७ मध्ये विधिमंडळानं कायद्यात दुरुस्ती केली, तिला मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती आली. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून वाट मोकळी केली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायद्यातल्या त्या दुरुस्त्यांवर शिक्कामोर्तब केलं. २०१४ ते २०२१ या मधल्या साडेसात वर्षांत बैल पळायचा विसरला नव्हता. छाती तीच, खूर तेच, भोवरे होते तिथंच. पण घाट बंद म्हटल्यावर मागायला येणारी गाडी रस्त्यावर दिसेना. आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १७ डिसेंबरला, कुठलाही बैल आदल्या दिवसापेक्षा शतांश सेकंदानंही जोरात पळू लागला नव्हता. तरी गोठ्यांपुढं पिकअप थांबू लागल्या. वेग बैलाचा, पण किंमत घाटाकडेला उभ्या असलेल्या गर्दीची. गर्दी काढून घेतली, की उरतं ते चार पायांचं, भरपूर खाणारं आणि अतिशय देखणं जनावर.

इथं एक आक्षेप असा येतो, की हौसेला मोल नाही. ही म्हण मला नेहमी संशयास्पद वाटत आली आहे, कारण ती म्हणणारा पुढच्याच वाक्यात मोल सांगतो, आणि तेही लाखांत. दुसरा आक्षेप वजनदार आहे. नांगरट ट्रॅक्टरनं होते, मोटेची विहीर कधीच गेली, गाडीची जागा पिकअपनं घेतली. शर्यत नसती तर खिलार बैल कोणी आणि कशाला पाळला असता? महागाचा बैल आहे म्हणून जात टिकली. हे मला मान्य आहे, अगदी पूर्ण. फक्त या युक्तिवादातला पैसा कुठं जातो तेवढं पाहावं. जात टिकवतो तो गाय सांभाळणारा. त्यानं वासरू आदत असताना विकलेलं असतं, त्या वेळी त्याच्या पळण्याला कोणी भाव देत नाही. पुढं त्या खोंडाचे तीन-चार मालक होतात, दर मालकाला आकडा फुगतो, आणि खिलारीच्या रक्षणाचा मान शेवटच्या मालकाच्या फेट्यात खोवला जातो. गायवाला त्या वेळी घाटाच्या कडेला, भेळेच्या गाडीजवळ उभा असतो आणि शेजारच्याला सांगत असतो, "आपल्याच दावणीचाय." शेजारचा हो म्हणतो, कारण त्या दिवशी असं सांगणारे त्याला चौघेजण भेटलेले असतात.

तिसरा आक्षेप प्राणिमित्रांचा, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना आता नियमानं मनाई आहे आणि ती लागलीही पाहिजे. माझं निरीक्षण एवढंच, की किंमत ही बैलाच्या अंगावरची झूल फार उपयोगी असते. बारा लाखाला मागितलेल्या जनावरावर उगारायला हात धजत नाही. त्याला पंखा असतो, डॉक्टर घरी येतो, तळ्यात पोहायला नेतात. जो बैल तीन यात्रांत पाचव्या नंबराच्याही बाहेर राहिला, त्याला ही झूल नसते. त्याचं पुढं काय होतं, हा प्रश्न महागाच्या बैलाच्या लेखात बसत नाही. तो बाजारातच बसतो.

मग इतकं सगळं तोट्याचं असताना हिशेबी माणसं यात पडतात कशी? आणि हा मुलूख हिशेबी आहे. उन्हाळी टोमॅटोला ठिबक कितव्या दिवशी सोडायची, कांदा कितव्या आठवड्यात बराखीत घालायचा, हे ज्याला तोंडपाठ, त्याला बैलाचं गणित येत नाही असं मानायला मी तयार नाही. माझा अंदाज वेगळा आहे. हा माणूस आयुष्यभर काय काय विकतो ते बघा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट नेलं, की भाव समोरचा सांगतो. जुलै २०२३ मध्ये तोच भाव दोन हजारांच्या वर गेला होता. थोड्याच आठवड्यांत उतरला. दोन्ही वेळा शेतकऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. आणि 'मागितला, पण दिला नाही' हे वाक्य टोमॅटोच्या बाबतीत म्हणून बघा. दिला नाही तर संध्याकाळी रस पिकअपच्या फळीतून गळायला लागतो. दूध सकाळी डेअरीत घातलं नाही तर दुपारी नासतं. ऊस तोडला, की वजन काट्यावर आणि दर कारखान्याच्या कागदावर. पश्चिमेच्या डोंगरात हिरडा वेचणाऱ्यालाही हिरड्याचा भाव वरूनच कळतो. मंचरला कांदा घेऊन गेलेला माणूस बराखीच्या जोरावर चार महिने 'नाही' म्हणू शकतो, पण बराखीतला कांदा सडायला लागला, की त्याच्या नकाराला वास येतो.

या सगळ्या दावणीत एकच जिन्नस असा आहे, की ज्याच्यासाठी मोठ्या गाडीतून पांढऱ्या कपड्यातली माणसं घरी येतात, ओट्यावर बसतात, चहा घेतात, आकडा सांगतात, वाढवतात, पुन्हा वाढवतात, आणि ज्याच्या बाबतीत शेतकरी मिशीवरचा चहा पुसून म्हणू शकतो, "नाय द्यायचा." हे दोन शब्द उच्चारायला माणूस काय मोजेल? वर्षाला लाखभर रुपयांचा खुराक मोजेल, असं मला दिसतं, आणि मला तो सौदा फारसा महाग वाटत नाही. क्यूची काठी कितीही महागाची असो, ती मागायला कोणी दारात येत नाही. इथंच विकत घेणारा फसतो. त्याला वाटतं, बारा लाख मोजले की तो मानही दाव्याबरोबर येईल. पण मान होता तो बारा लाख नाकारण्याचा. बारा लाख मोजणाऱ्याकडं फक्त बैल येतो, आणि तो मान परत मिळवायला त्याला पंधरा लाखांचा मागणारा शोधत बसावं लागतं. तो नाही आला, तर मेहुण्याला पाठवावं लागतं.

त्या साडेसात वर्षांच्या बंदीत, मागणारा कोणी येणार नाही हे माहीत असूनही, काही गोठ्यांत बैलांना सकाळ-संध्याकाळ भरडा मिळत राहिला. माझ्या सगळ्या सिद्धांताला तेवढीच एक जागा अशी आहे, की जिथं तो बसत नाही. ती माणसं काय वसूल करत होती ते मला सांगता येत नाही, आणि त्यांना विचारलं तर ती दावं सोडून पुन्हा बांधायला लागतात.

बैल गेला, म्हणजे खरोखरच गेला, तरी त्याची किंमत थांबत नाही. या भागात नावाजलेल्या बैलाची दशक्रिया करतात. मांडव, प्रवचन, पंगत, आणि हार घातलेला फोटो, ज्यात बैलाच्या शिंगांना गोंडे आणि पाठीवर भंडारा असतो. महाराज बैलाच्या इमानाबद्दल बोलून झाले, की गावातलं एखादं वडीलधारं माणूस श्रद्धांजलीला उठतं. आंबेगावच्या नागापूरला थापलिंगाच्या यात्रेत त्यानं काय बारी मारली होती ते सांगतं, मग आवाज जरा खाली आणून म्हणतं, "बारा लाखाला मागितला होता, पण आपल्या अण्णांनी दिला नाय."

"बारा कुठला मामा," मधल्या रांगेतून कोणीतरी दुरुस्ती करतं, "चौदा."

अण्णा खाली सतरंजीकडं बघत बसलेले असतात. ते काही बोलत नाहीत.